खड्गसेनाच्या खांद्यावरची वैदीण

अहेरी,
ऑक्टोबर १९८७

प्रिय खुशाल,

तुझं कार्ड मिळालं. मिळालं म्हणजे आधी आमच्या पोस्टमन नथ्थूने वाचलं, मग त्याच्या तोंडून चहाच्या टपरीवर चार जणांनी ऐकलं, आणि सगळ्यात शेवटी ते माझ्या हातात पडलं. सायकल भिंतीला टेकवत नथ्थू म्हणाला, "साहेब, खड्गसेन पोचला म्हणते डोंगरावर. कवड्याबी टाकल्या त्यानं. आता वैदीण उठते का नाई?" मी त्याला दटावलं, की पोस्टाच्या माणसाने दुसऱ्याचा मजकूर वाचू नये. त्यावर तो म्हणाला, कार्ड उघडंच असते, मी फक्त डोळे मिटले नाई. आणि उत्तरासाठी उभाच राहिला. ते उत्तर मला द्यायलाच हवं, आणि ते कार्डावर मावणारं नाही. म्हणून हे बंद पाकीट. नथ्थूच्या जिवाची काय तगमग होईल ती होवो.

सावली गाव एव्हाना मानवलं असेल ना? सरकारी नोकरीत मरण, परलोक आणि पुन्हा उठणं या तिन्ही गोष्टी पेन्शनच्या आधीच भोगून होतात. गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली की माणूस मेला, त्यातून अहेरीला टाकलं की परलोक, आणि वैनगंगा ओलांडून परत गेला की उठला. तू उठलास. मी पडलो इथलाच, त्यामुळे मला मरायचीसुद्धा सोय नाही. जंगल खात्यात बांबू मोजतो, रविवारी चंद्रपूरच्या साप्ताहिकात लोकांना चिमटे काढतो. लोक हसतात. ज्यांना काढतो तेही हसतात, म्हणजे चिमटा कपड्यालाच बसतो.

परवा ती झेरॉक्स सापडली, तुझ्या मेहुण्याने नागपूरच्या कॉलेजातून आणलेली. इंग्रजीतले नियम, एकेक जण एकेक सोंग घेऊन ज्यात जगतो अशा खेळाचे. मेल्यावर जायच्या जागा त्यात इतक्या होत्या की आपल्या आगाराच्या वेळापत्रकात तेवढी गावं नाहीत. त्या खेळाला लागणारे अनेक पैलूंचे फासे मिळेनात म्हणून आपण कवड्या घेतल्या, पंखवाल्या अजगराला रजा दिली आणि आमच्या घरापुढच्या सपरीत आपलं राज्य उभं केलं. घरात पाल दिसली की अन्नपूर्णावहिनींना हाक मारणारा तू, तू झालास खड्गसेन. मी सूत्रधार. म्हणजे राजा मी, राक्षस मी, नदी मी, पाऊसही मीच. आणि शाळेत शिकवून आली की पदराला हात पुसत बसणारी माझी बायको, कांता, झाली वैदीण.

परलोकावरून तिने घातलेला वाद तुला आठवत असेल. देव नाई, आत्मा नाई, विहारात दर पौर्णिमेला तेच सांगता, अन् तुमच्या राज्यात परलोक कुठून आला, असं तिने मला तुझ्यादेखत विचारलं. मी म्हणालो, खेळ आहे. तिने विचारलं, "तिथी जात इचारतेत का?" मी म्हणालो, नाही विचारत. "मंग खेळापुरता चालते." एवढ्यावर परलोक मंजूर झाला. मी लेखात दहा ओळी खर्च करून जे साधत नाही, ते ती पोहे परतता परतता साधायची.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला ताप चढला. मेंदूचा मलेरिया. गडचिरोलीला नेईपर्यंत ती मला ओळखेनाशी झाली होती. हे तुला माहीत आहे. तू आला होतास, सावलीहून, ओल्या कपड्यांनिशी, आणि माझ्याशेजारी नुसता बसून राहिला होतास. येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. कुणी अनित्यता सांगत होतं, कुणी धीर धर म्हणत होतं. एकट्या तुला काही सुचलं नाही, त्याबद्दल मी तुझा फार ऋणी आहे. मग पुढच्या महिन्यात तुझं पहिलं कार्ड आलं. त्यावर एवढंच, की वैदीण पडली, तिला खांद्यावर घेतलं आहे, मेलेले जिथे उठतात त्या डोंगराकडे निघालो आहे, पुढचा रस्ता सांग.

मी रस्ता सांगितला. आणि मग तो अडवत राहिलो. आधी नदीला पूर आणला, मग पूल तोडला, मग तुझ्या मागे अस्वल लावलं, एकदा तर नाक्यावर शिपाई उभा करून मृतदेह नेण्याचा परवाना मागितला. तुला कळत होतं. तू एकाही कार्डात तक्रार केली नाहीस. पूर ओसरेपर्यंत थांबतो, असं लिहिलंस, आणि वैदिणीला झाडाखाली सावलीत ठेवलं आहे, असंही. ते वाचून मी कार्ड उलटं ठेवलं आणि बांबूचे आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. खुशाल, ऑफिसातलं आणि साप्ताहिकातलं सोडलं तर या वर्षभरात मी जगाशी जे काही बोललो ते पूर म्हणून, अस्वल म्हणून आणि तुटका पूल म्हणून. घरी तर तेवढंही नाही. तू चालत होतास तोवर ती कुठेतरी वाटेत होती. गेलेली नव्हती, आलेली नव्हती. वाटेत होती.

आता तू पोचलास. कवड्या उताण्या पडल्या, डोंगराने होकार दिला. पण एक नियम उरतो, आणि तो इंग्रजी पुस्तकातला नाही, तिचाच आहे. तुझा खड्गसेन विष पिऊन पडला होता तेव्हाचा. मी म्हणत होतो, वैदिणीने औषध घालावं आणि त्याला उठवावं, खेळ पुढे सरकू दे. तिने हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. "मेलेल्याले आधी इचारा. त्याले उठाचं हाय का नाई." तू घाईघाईने, उठतो बाप्पा, म्हणालास, तेव्हाच तिने कवड्या उचलल्या.

तर विचारायला हवं. आणि उत्तर द्यायला कोण आहे? मी देऊ शकतो, हाच घोटाळा आहे. राज्यातल्या सगळ्यांच्या वतीने मीच बोलतो. तिची बोली मला तिच्या आईपेक्षा जास्त येते. काल बसून दोन ओळी लिहिल्या, तिच्या तोंडच्या. हुबेहूब उतरल्या. तू वाचून हसला असतास आणि मग रडला असतास. हुबेहूब उतरल्या म्हणूनच चुलीत घातल्या. त्या राज्यात मी राक्षसाच्या तोंडून बोललो, नदीच्या तोंडून बोललो, पण वैदिणीच्या तोंडून कधी नाही. तिथे ती स्वतः बोलायची, आणि बहुतेक वेळा माझ्या विरुद्ध.

म्हणून सूत्रधाराचा निकाल असा. खड्गसेनाने विचारलं. उत्तर आलं नाही. वर वारा होता, ऊन होतं, एवढंच. आता तिला खाली ठेव, खुशाल. तू फार लांबून आणलीस, माझ्यासाठी आणलीस, खांदा भरून आला असेल. हे लिहायला मला वर्ष लागलं, आणि हे लिहायलाच बसलो होतो. पण लिहिल्यावर आणखी एक मागणं निघालं आहे. कांता मला म्हणायची, "सारं राज तुमचं, पन त्यात तुमी कुठी हाय?" मी हसण्यावारी न्यायचो. सूत्रधारपण आता तू घे. पूर, पाऊस, अस्वलं तुझ्याकडे. मला त्या डोंगरावर एक साधा माणूस म्हणून येऊ दे. नाव नको, तलवार नको, लागलं तर मरणाराही चालेल. डोंगर उतरायचा आहे, आणि मला एकट्याने उतरता येत नाही. पहिली चाल मी इथेच करतो: तो माणूस खड्गसेनाच्या शेजारी येऊन बसला आहे. पुढे काय होतं, ते तू सांग. कार्डावरच सांग, नथ्थूलाही कळू दे.

तुझाच,
सोमाजी