अस्तातल्या शुक्राचा फोटो

बाबा, आज भर दुपारी मी परसात शुक्राचा फोटो काढला. पंचांगात सध्या शुक्राचा अस्त चालू आहे. दुर्बीण घराच्या सावलीत मांडली, सूर्य कौलांआड राहील अशी, कारण तो चुकून भिंगात आला तर डोळाच जायचा. मग त्याच्या बाजूचं निळं आभाळ हळूहळू चाळत गेले आणि शुक्र सापडला. कापलेल्या नखासारखी बारीक, लखलखीत कोर. उन्हाने हवा थरथरत होती, म्हणून लहानसा व्हिडिओ घेऊन त्यातली स्थिर चित्रं एकावर एक रचली.

पेडण्याच्या याच घरात, सोप्यावर बसून तुम्ही म्हणाला होतात, "शुक्र उगवल्याशिवाय माझ्या दारात माटव पडायचा नाही." ताईचं लग्न ठरलेलं, पण तेव्हाही असाच अस्त होता आणि अस्तात लग्नाचा मांडव घालत नाहीत. वास्कोचा मुलगा बोटीवर नोकरीला निघायचा होता. त्याची आई विनवते आहे, "बोट आमच्यासाठी थांबायची नाही हो. देवळात हार घालूया, झालं." तुम्ही पानाला चुना लावताय, मान वर करत नाही. ताई दाराआड उभी आहे आणि तिला कोणी काही विचारत नाही. मुलगा गेला. परतला तेव्हा त्यांनी दुसरीकडे जमवलं होतं. ताईचं मग कुठेच जमलं नाही.

तुम्ही म्हणाल, "अस्त म्हणजे डोळ्यांना न दिसणं, हे मलाही ठाऊक होतं." मान्य. माझा राग पंचांगावर नाहीच. त्याच अस्तात तुम्ही डिचोलीच्या खाणीवर लावायला नवा ट्रक आणलात. शेजारच्या काकांनी मुहूर्ताचं विचारलं तर हसलात, "खाणीचो हंगाम माझ्यासाठी थांबतलो काय रे?" ट्रकला हळदकुंकू ताईकडूनच लावून घेतलंत. ट्रकसाठी तुम्हाला वाट सापडली. मुलीसाठी शोधावीशी वाटली नाही.

संध्याकाळी ताईला फोटो दाखवला, अस्तातला आहे हेही सांगितलं. वाटलं, आतातरी ती तुम्हाला दोन शब्द सुनावेल. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अगो, हो तर हांगाच आसा!" शुक्र इथेच होता, याचंच तिला नवल वाटलं. मग म्हणाली, "बाबांक दाखवूंक जाय आशिल्लो गो. खोशी जाली आसती तांकां."

तुम्ही हयात असतात तर तुम्हाला दाखवायला हवा होता, तुम्हाला आनंद झाला असता, म्हणे! हे पत्र ती उठण्याआधी फाडून टाकीन. तिने वाचलं तर ती तुमचीच बाजू घेईल, आणि तुमच्याहून जास्त मी तिच्यावर रागावेन.