माझ्या कार्डावरचा आजार

५ मे
पोचले एकदाची. किल्यापुंगो गावाचा घाटरस्ता असा की आतडी तोंडात आली, पण उतरल्यावर समोर बर्फाचा डोंगर दिसला आणि बसवाल्याला माफ केलं. दवाखाना आठ खोल्यांचा, नुकताच रंग दिलेला. मी धरून दोन नर्स. डॉक्टर फक्त पडद्यावर, राजधानीतून. प्रमुख विल्मरसाहेब सज्जन माणूस, पण नव्या यंत्राचं कौतुक असं, जणू लेक शाळेत पहिली आली. यंत्र विमा कार्डाच्या नंबरावरून माणूस ओळखतं, तपासण्या वाचतं आणि रंग देतं: हिरवा, पिवळा, करडा. करडा म्हणजे वाचायचा नाही; त्याला औषध नाही, तपासणी नाही. शेवटच्या खोलीत नेऊन झोपेचं इंजेक्शन द्यायचं. औषधं मुळातच कमी, वाया कशाला घालवायची? साहेब म्हणाले, आजवर अकरा करडे झाले, अकराही गेले, यंत्र एकदाही चुकलं नाही. मी म्हटलं, औषध बंद केल्यावर राहणार कोण होतं? ते हसले. मीही हसले.

राहायची सोय रोसाउराबाईंकडे. त्या चौकात उकडलेला मका आणि डुकराचं मांस विकतात. ताट भरून वाढलं आणि म्हणाल्या, खा पोरी, नर्सच अशी काडी असली तर रोग्यानं कोणाकडं बघायचं?

१२ मे
गुडघा दाखवायला आलेले सेगुंदोबाबा करडे निघाले. चालत आले होते. म्हणत होते, सकाळी दोन ताटं मका खाल्लाय, कार्ड माझ्या भावाचं आहे, आजारी तो आहे. दुसरी नर्स हेर्मानिया म्हणाली, सगळे असंच काहीबाही बोलतात. मी नोंदीत 'भ्रम' लिहिलं. त्यांना म्हटलं, हात पुढे करा बाबा, मुंगी चावल्यासारखं वाटेल.

१६ मे
सेगुंदोबाबा गेले. बारावे.

१९ मे
रोसाउराबाईंचे पाय सुजून खांब झालेत. चेहराही. मूत्रपिंडं असणार. विमा नाही, त्यामुळे कार्ड नाही. हेर्मानिया म्हणाली, त्यात काय, इथे एका कार्डावर अख्खं घर आजारी पडतं. माझं कार्ड सरकारी नोकरीचं, कोरं. स्वयंपाकघरात रक्त मीच काढलं, नळीवर माझा नंबर मीच चिकटवला. बाईंनी माझे हात डोळ्यांना लावले. मला फार बरं वाटलं.

२६ मे
माझा नंबर पिवळा. औषधं माझ्या नावावर येतात, मी घरी नेते. बाईंची सूज उतरली. यंत्रानं पुन्हा रक्त मागितलं, तीही नळी त्यांचीच, माझ्या नंबरानं पाठवली. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, जड उचलू नकोस म्हणाले. मनातल्या मनात हसू आवरेना.

३० मे
दुपारी एक माणूस आला. डोळे पिवळे, पोट सुजलेलं. सेगुंदोबाबांचा भाऊ. आपलं कार्ड परत मागत होता. यंत्राच्या लेखी हा माणूस मेलेला होता, त्यामुळे औषध मिळालं नाही.

म्हातारा खरं सांगत होता. त्याला फक्त गुडघा दुखत होता. इंजेक्शन मी दिलं.

२ जून
सकाळच्या यादीत माझं नाव, सोइला. करडं.

साहेबांना सगळं सांगितलं. कार्ड, नळी, सगळं. त्यांनी ऐकलं, माझा हात हातात घेतला, मग पडद्याकडे बघून म्हणाले, मूत्रपिंडं गेली की माणूस असंच भलतंसलतं बोलतो, इथे लिहिलंय. मी म्हटलं, आत्ता रक्त काढा माझं. करड्या कार्डाची नळी यंत्र घेतच नाही. नाडी बघा म्हटलं, चांगली चालतेय. म्हणाले, दिवा विझताना मोठा होतो, सोइला.

३ जून
साहेबांनी रोसाउराबाईंना बोलावून विचारलं. माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या, कुणाचं कार्ड? मी जन्मात कुणाचं कार्ड घेतलं नाही.

घरी आल्यावर रडल्या. उसनं कार्ड उघडं पडलं तर दोघी तुरुंगात जाऊ, म्हणाल्या. अंगणात बसवून डोक्यापासून पायापर्यंत माझ्यावरून अंडं फिरवलं, पाण्याच्या पेल्यात फोडलं. पाणी स्वच्छ. म्हणाल्या, बघ पोरी, तुझ्यात काही नाही. मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना.

त्यांनी पेला उचलला. गावाबाहेरच्या तिठ्यावर ओतायला गेल्या. कुणाचा पाय पडला तर आजार त्याला लागतो म्हणून.

४ जून
सकाळच्या बसमध्ये बसले होते. साहेब स्वतः आले. काय हळुवार धरून उतरवलं — सगळी बस हळहळली. कुणीतरी अंगावर शाल घातली.

शेवटची खोली. खिडकीतून तोच डोंगर. गणवेश काढून घेतला. वही उशीखाली आहे. काल रात्रीपासून जेवले नाही आणि आता म्हणतात, बघा, भूकही गेली —

५ जून
हेर्मानिया माझ्याकडे बघत नाही. नोंदीत 'भ्रम' लिहिलंय. तिला माहीत आहे. तीच म्हणाली होती, एका कार्डावर —

बाई माहेरी गेल्या म्हणे. औषध बंद, त्या तरी किती दिवस —

माझ्या जागी नवी नर्स आली. आजच. डोंगर बघून केवढी खूश. तिला सगळं सांगितलं, हळू, एकेक शब्द, भ्रम वाटू नये म्हणून. माझं रक्त नाही ते, माझं काढून बघ, एकच नळी. तिनं पूर्ण ऐकलं. मान हलवली. गोड पोरगी आहे. ट्रे घेऊन बसलीय शेजारी. म्हणतेय, लिहिणं ठेवा आता, हात पुढे करा ताई, मुंगी चाव