वास्कितो टीव्हीवर हसला

सोमवार, ४ नोव्हेंबर
सगळ्यांच्या आधी कोण यावं? शेजारची सुपिनाह! कोंबड्यांच्या भांडणापासून आमच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. आज केळ्याची भजी घेऊन हजर. "आजी, तुमचा वास्कितो टीव्हीवर दिसणार म्हणे!" दिसणारच! जिल्ह्याचा बुपाती, म्हणजे प्रमुख व्हायला निवडणुकीला उभा आहे माझा नातू. गुरुवारी त्याची नि त्याच्याविरुद्ध उभ्या रेत्नो डॉक्टरणीची समोरासमोर पहिली चर्चा. भजी तेलकट होती. संपवली मात्र सगळी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
वास्कितोला शिकवायला मेदान शहराहून मास्तर आलाय. हात कुठे ठेवायचे, बोट दाखवायचं नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, घंटा वाजायच्या आत थांबायचं. "राग दिसला की संपलं, आजी!" — मला सांगतो! अरे, या पोराचा राग मी जन्मात पाहिला नाही.

मग मास्तर मुद्दाम ओरडला, "तुमच्या पुलाने पोर खाल्लं!" वास्कितो शांतपणे पाणी प्याला. मास्तर खूश. पुलाच्या दुरुस्तीची फीत यानेच कापली होती. पावसात तो तुटला नि रुम्यातुनचा लेक गालिह नदीत गेला. एवढंसं पोर! वास्कितो अजून त्यांच्या दारी गेला नाही. "वकील जाऊ नका म्हणतात, आजी."

गुरुवार, ७ नोव्हेंबर
टीव्ही ओट्यावर मांडला. सारी आळी लोटली. वास्कितो काय देखणा दिसत होता! रस्ते, भात, दवाखाने — फडाफडा उत्तरं. मी टाळ्या पिटत होते.

मग रेत्नोबाईंनी पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाल्या, "गालिहच्या आईला काय सांगाल?"

आणि हा हसला.

"चौकशी चालू आहे" म्हणाला आणि घंटेच्या आत थांबला. मला कळलं — फार वाईट वाटलं की तो असाच हसतो. त्याचे आजोबा गेले तेव्हाही हसतच सगळ्यांना चहा देत होता. पण टीव्हीत ते हसू केवढं मोठं दिसलं!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच हसू. सुपिनाहचा जावई मला ऐकू जाईल असं म्हणाला, "पोर मेलं नि याला हसू येतंय!" मी वाटी फेकून मारणार होते. मास्तर वास्कितोला म्हणतो, "का हसलात?" मी म्हटलं, मयताच्या घरीसुद्धा आम्ही हसून या-बसा करतो, आपलं दुःख पाहुण्याच्या गळ्यात घालत नाही. तो म्हणे, "आजी, कॅमेऱ्याला ते कळत नाही." आमच्या आळीलाही कळलं नाही, ते कसं?

शनिवार, ९ नोव्हेंबर
भात करपला. दोनदा.

रविवार, १० नोव्हेंबर
वास्कितोचा आरशासमोर न हसण्याचा सराव चाललाय. मास्तर गालिहचं नाव घेतो की याचे ओठ फाकतात. जेवत नाही. "दुसऱ्या चर्चेत पुन्हा असंच झालं तर बुडालो, आजी." मी पाठीवरून हात फिरवला. शर्ट घामाने ओला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
दारात रुम्यातुन नि तिचा नवरा! शिव्या घालणार, थुंकणार, वाटेल ते करणार — करू दे म्हटलं. वास्कितो मास्तरबरोबर गावात गेलेला. चहा दिला. साखर घालायची विसरले.

रुम्यातुन म्हणाली, "गालिहची एक चप्पल सापडली, आजी. खालच्या बंधाऱ्यात." आणि हसली! ओठ थरथरत होते, तरी हसतच होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

"तुमच्या नातवाचं तोंड पाहिलं टीव्हीवर," ती म्हणाली. "लोक काही म्हणोत, मला कळलं. पण त्याला वाईट वाटतंय हे मला टीव्हीवरून कळावं?"

मी साखरेची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"तो येत नाही ना? मग आम्ही परत येतो. गुरुवारी संध्याकाळी. त्याला घरी थांबवा." मी हो म्हणून बसले. ती दोघं वळणाआड गेल्यावर डोक्यात उजेड पडला — दुसरी चर्चा गुरुवारीच, संध्याकाळीच! आता याला कोणत्या तोंडाने सांगू?

बुधवार, १३ नोव्हेंबर
सांगितलं. वास्कितोने मास्तरला मेदानच्या विमानात बसवून दिलं. टीव्हीवर रेत्नोबाई एकट्याच दिसतील. रुम्यातुन नि तिचा नवरा येणार — उद्या, गुरुवारी.