बायकांचा ओटा

५ मार्च १९५४, पणदरे

निघालो होतो नीरेला, रेल्वे बघायला. मोटारीतून दिसलं, नव्या दवाखान्याला चुना देतायत. उतरलो! चुना मलाही देता येतो. डॉक्टर पुण्याचे, तरणे. रोजावर ठेवलं. निजायला दवाखान्याचीच ओसरी. बोलायला कुणी नाही.

८ मार्च

पुण्याहून बाकडी आली. आल्या माणसाला इथं बरं वाटलं पाहिजे, डॉक्टर सारखे सांगतात. पुरुष बसले. बायका खांबाला धरून उभ्या.

११ मार्च

वाईट झालं. कोऱ्हाळ्याचे हिंदुराव सुनेला गाडीतून घेऊन आले. द्वारका तिचं नाव. पहिलं मूल घरी बाळंतपणात गेलं, तीही जाता जाता वाचली. आता दिवस भरत आलेत. हिंदुराव बाकड्यावर बसले. ती डोक्यावरून पदर ओढून उभी — उन्हं अंगावर येईस्तोवर उभी. मग कोसळली.

डॉक्टर धावत आले. म्हणाले, बाकडं मोकळं होतं की! हिंदुराव उठले.

"दवा तुमची चांगली असंल. पर हितं बाईमानसाला बसाया जागा न्हाय."

गाडी वळली. घरी बाळंत झाली तर वाचायची नाही, असं डॉक्टर मलाच सांगत राहिले. दुसरं होतं कोण?

१२ मार्च

डॉक्टर म्हणाले, भिमा, तू इकडचा, ती का बसली नाही? मला काय ठाऊक? मला घर असतं तर सून कशी वागते ते पाहिलं असतं. मग झाडलोट करणाऱ्या ठमाबाईला विचारलं. ती हसतच सुटली. "सासऱ्याच्या पुढं बाकड्यावर कोन चढंल वो? आन भुईवर बसावं तर गड्यांची पायतानं." डॉक्टरांनी कोळसा घेतला आणि मी चुना दिलेल्या भिंतीवरच मागचं दार आणि त्यापुढं बायकांना बसायला ओटा काढला.

१५ मार्च

भिंत फोडली. आडोशाला उसाचं पाचट आणायला गुऱ्हाळावर गेलो, तिथंच काकवी खात दिवस मावळला. डॉक्टर रागावले नाहीत. कोऱ्हाळ्याच्या वाटेकडे बघत बसले होते. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१९ मार्च

ओटा झाला. बुटका — जड पोटानं उठता यावं एवढा. सारवत होतो तर बायका ओल्यावरच टेकल्या. विचारलं, घरी कोन कोन हाय? कुणी नाही म्हटलं. "मंग तुला वरडतं कोन?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. कित्येक दिवसांत मला कुणी एवढं विचारलं नव्हतं.

२१ मार्च

ओट्याच्या आडोशाला पाचटाचा कूड उभा केला. शेवटची गाठ मारली आणि हसणं पलीकडे गेलं. मी अलीकडे. आता तिकडे गड्यानं जायचं नाही — मीच बांधलेलं!

२४ मार्च

डॉक्टरांची सायकल घेऊन कोऱ्हाळ्याला गेलो. हिंदुरावांना म्हटलं, तात्या, मागनं दार हाय, सावली हाय, गडी कुणी जात न्हाय.

"तू जातूस न्हवं?"

"बांधताना गेलो. आता न्हाय."

ते बैलांना वैरण टाकत राहिले. आत बांगड्या वाजल्या. कुणी बाहेर आलं नाही. परत आलो.

२ एप्रिल

गाडी आली! पुढं थांबलीच नाही, सरळ मागं वळली. मी कुडाशी उभा. पलीकडून ठमाबाई — "टेक पोरी. पाय सोडून टेक." आणि कुणीतरी लांब श्वास सोडला.

हिंदुरावांना मात्र बाकड्यावर बसवेना. उठतात, फिरतात. मीही त्यांच्या मागं.

३ एप्रिल

मुलगी. दोघी सुखरूप. हिंदुरावांनी गूळ वाटला. पलीकडे नुसता गलका. डॉक्टरांनी विचारलं, काम संपलं, आता कुठं? नीरेला म्हटलं. कोण अडवतंय? गाठोडं बांधलं.

४ एप्रिल

हिंदुरावांनी रस्त्यात गाठलं. म्हणाले, "सूनबाईनं सांगितलंय. तिला सख्खा भाव न्हाय. वर्साच्या आत जावळ काढायचं, पोरीला बसाया मामाची मांडी लागंल. कुठं बी अस, ये."

नीरेची मोटार मला न घेताच निघून गेली. द्वारकेचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.