पातेलं मी धुतलं

९ मार्च

आठ दिवस वहीला हात लावला नाही. चुकलं माझं. धीरच होत नव्हता. पण वहीपुढे काय लपवायचं?

सून मागच्या खोलीत बटाट्याच्या किसाच्या वड्या करते, शाळेच्या उपाहारगृहाला देते. किसायला एक बाई येतात, चार वर्षं झाली. आठ दिवसांपूर्वी मी रिकामा बसलो होतो. म्हटलं, भांडी तरी घासावी. एका पातेल्यात गढूळ पाणी, तळाशी पांढरा गाळ. ओतलं मोरीत! लख्ख घासलं. वर वाटलं, आता सून म्हणेल, बाबा कामाचे आहेत.

१० मार्च

तो गाळ नव्हता. कच्चा कीस पिळला की पाणी निघतं, ते तासभर ठेवलं की सत्त्व खाली बसतं. वरचं पाणी काढायचं आणि सत्त्व किसात परत कालवायचं. त्यानंच कीस एकत्र धरून राहतो. नाहीतर साच्यात वडी नीट दिसते, तेलात गेली की भुगा!

त्या दिवशी भुगाच झाला. सगळ्या वड्यांचा. शाळेतली पोरं उपाशी.

मागच्या खोलीतून सुनेचा आवाज आला — "सत्त्व कुठं गेलं, मावशी? चार वर्षांत एवढंही कळत नाही? उद्यापासून येऊ नका!"

मी पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता की सुलटा, देव जाणे.

११ मार्च

जेवताना मुलगा म्हणाला, "वड्या तेलात उतरल्या आणि लगेच वाटण्या करून वेगळ्या झाल्या!" सगळे हसले. मीही हसलो. दात आहेत किती, तेवढे सगळे दाखवले! लाज कशी वाटली नाही?

१२ मार्च

सून एकटीच किसते आहे. बोटं सोलली आहेत. आज सांगणार होतो. घसा खाकरला. ती म्हणाली, "काढा देऊ का, बाबा?" दे म्हटलं. प्यालो आणि पेपर उघडला.

१४ मार्च

सांगितलं एकदाचं, मुलगाही होता. सून किसणी पुसत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे, बाबा. मावशींनी मोरीत पांढरं पाहिलं होतं, तुमच्या ओल्या बाह्याही. मला म्हणाल्या, मलाच ओरडा, मोठ्यानं. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरात खाली बघायला लावू नका." आणि मग रडायलाच लागली — "नुसतं ओरडायचं ठरलं होतं हो. पण शाळेचा फोन आलेला, डोकं ठिकाणावर नव्हतं. येऊ नका असं तोंडातून निघून गेलं. त्या खरंच आल्या नाहीत."

सून आणि मी बाईंच्या घरी जाऊन आलो. दाराला कुलूप. शेजारीपाजारी कोणाला ठाऊक नाही.

फटीतून चिठ्ठी सरकवली — बाई, पातेलं मी धुतलं होतं. घरात सगळ्यांना सांगितलं आहे. कुठं आहात? लवकर निरोप धाडा.