कुठली बाजू सरकली

अप्पा, गेले चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण एक खड्डा आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ एका इमारतीच्या पायासाठी खोदलंय, खालचा खडक तपासायला मला बोलावलं होतं. खडकात एक लांब भेग दिसली. अलीकडे गारगोटीचा पांढरा पट्टा भेगेशी येऊन थांबतो आणि पलीकडे तोच पट्टा वीतभर खाली पुन्हा सुरू होतो. म्हणजे नुसता तडा नव्हे, भ्रंश. कॉलेजात मी एका साध्या तड्याला वहीत भ्रंश लिहिलं होतं, तेव्हा वडील असूनही तुम्ही मास्तर म्हणून मला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतंत. "काय सरकलंय ते दाखव, मग नाव दे." मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते.

भ्रंश होतो कसा, ते मात्र तुम्ही बनशंकरीच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात शिकवलंत. संक्रांतीची चिक्की ओट्यावर थापलेली आहे. गरम असताना तुम्ही मला ती दोन्ही बाजूंनी दाबायला लावता, ती मुकाट्याने वाकते. पाऊण तासाने पुन्हा दाबायला लावता. आता बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग ती कट्कन मोडते, एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. खोलवरचा तापलेला खडक वाकतो, वरचा थंड खडक ताण सोसत राहतो आणि एका क्षणी तुटून सरकतो, असं तुम्ही सांगता. चिक्कीची नासाडी केली म्हणून आई ओरडते. तुम्ही तुकडे खात बसता.

साइटवरच्या इंजिनिअरने विचारलं, मॅडम, सरकली कुठली बाजू? मी म्हटलं, ते खडक सांगत नाही, एकमेकींच्या मानाने सरकल्या इतकंच म्हणता येतं. ताण कधीच निघून गेलाय, चुरा झालेला भाग काढून काँक्रीट भरा. हे मी अगदी सहज बोलले आणि गाडीत बसल्यावर तेच स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं. कारण घरच्या बाबतीत गेली तीन वर्षं मी छातीठोकपणे बाजू सांगत आलेय.

तुम्ही गेल्यापासून माझं आणि धाकट्या भावाचं बोलणं नाही. शेवटच्या महिन्यांत, त्याच्याकडे राहत असताना, तुम्हाला माझ्याकडे यायचं होतं आणि त्याने पाठवलं नाही, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. तेराव्याला तो एवढंच म्हणाला होता, "अक्का, अप्पांनी तुझ्याकडं जायचं नाव एकदा बी काढलं नाही बघ." मला तो खोटारडा वाटला. आता वाटतं, तो खरंच बोलत असेल. त्याला तुम्ही इथेच बरं आहे म्हणत होतात आणि मला वेगळंच सांगत होतात. आम्हा दोघांना दोन्हीकडून दाबत होतात का? की कुणालाच दुखवायचं नव्हतं तुम्हाला? तुमच्यावर रागवावं की तुमची कीव करावी, मला खरंच कळत नाही.

हे पत्र धाकट्याला पाठवावं असं एकदा मनात आलं होतं. पण मग त्याला शेवटही वाचावा लागेल, म्हणून ते माझ्याकडेच राहील. त्या शेवटच्या महिन्यांतल्या एका रविवारी फोनवर तुम्ही "मला घेऊन जा" म्हणालात, ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं. आवाज येत नाहीये, असं म्हणून मी फोन ठेवला.