गव्हाणीतून उपसलेल्या काड्या

सिस्टर,

बावीस डिसेंबर, शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. शाळेच्या चॅपेलमध्ये, चौथीच्या सगळ्या वर्गासमोर, तुम्ही बाळ येशूच्या गव्हाणीतून माझ्या काड्या उपसून काढल्यात. तुम्ही आता कुठल्या दफनभूमीत निजला आहात हे मला माहीत नाही. बहुधा मंगळूरकडे. पण तुमच्या स्मरणशक्तीवर विसंबायची माझी तयारी नाही, म्हणून वेळेसकट लिहिते आहे.

प्रथा तुमचीच होती. नाताळाआधीचे चार आठवडे गव्हाण रिकामी मांडायची, आणि कुणासाठी एखादं लहानसं चांगलं काम केलं की भाताच्या पेंढ्याची एक काडी तीत ठेवायची. बाळ येईल तेव्हा अंथरूण मऊ हवं, असं तुम्ही सांगायचात. लहान काम लहान राहत नाही, हात धुतलेलं पाणी परसातल्या केळीपर्यंत पोचतं तसं ते कुठे कुठे जातं, हेही तुम्हीच सांगायचात. त्या आठवड्यात मी वर्गात नवीन आलेल्या, सारख्या रडणाऱ्या मुलीला रोज माझ्या डब्यातली पोळी देत होते. तुमच्या खोलीच्या खिडकीखाली देत होते, कारण सावली तिथेच होती. तुम्ही काड्या हातात धरून विचारलंत, "यारिगोस्कर? कोणासाठी केलंस? तिच्यासाठी, की खिडकीसाठी?" वर्ग हसला. काड्या केराच्या सुपात गेल्या. तुमचं काम दोन मिनिटांत आटोपलं असेल.

माझं अजून आटोपलेलं नाही. दुर्गदबैलच्या बाजारातल्या बँकेत मी तीस वर्षं काढली. एखादी म्हातारी उभी दिसली की खुर्ची द्यायला मी शिपायाला पाठवायची, स्वतः उठायची नाही. उठायला लागले की तुमचं "यारिगोस्कर" कानात वाजायचं. लोक मला तुसडी म्हणत. माझा अण्णा, रेल्वे वर्कशॉपातला फिटर, चारचौघांत सांगायचा, "आमची तंगी मनानं फार चांगली आहे हो, पण पुरावा सापडत नाही." तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे तुम्हाला सांगायला नको, तुमची कन्नड माझ्यापेक्षा चांगली होती.

गेल्या फेब्रुवारीत अण्णा दवाखान्यात होता. खोलीत फादर, गायनमंडळातली चार माणसं, वहिनींचे भाऊ, सगळे भिंतीला टेकून उभे. मला बघून तो म्हणतो, "आली का साहेबीण? बसा, टोकन घ्या." मग मी वाकले तेव्हा हळूच म्हणतो, "पाय गार पडलेत गं." चादरीतून त्याची पावलं बाहेर आलेली आहेत. माझा हात पुढे जातो. एवढ्या माणसांसमोर भावाचे पाय चोळणारी बहीण मला बाहेरून दिसते, आणि मी हात मागे घेते. "पंखा कमी करते," मी म्हणते. पंखा कमी केला. लोक पांगले की चोळीन, असं ठरवून व्हरांड्यात जाऊन बसले. लोक पांगले नाहीत. दुपारी तो गेला.

यात तुमचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत होते. मग ईस्टरच्या आधी चर्चमध्ये मिस्सात त्या बाईची गोष्ट वाचली गेली, जिनं भर पंगतीत शिरून प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावलं आणि केसांनी पुसलं. सगळे कुजबुजले. त्यानं तिला विचारलं नाही, कोणासाठी म्हणून. पाय पुढे ठेवले. ही गोष्ट तुम्ही आम्हाला शिकवली होतीत, सिस्टर, तसबीर दाखवून. मी बाकावर बसले होते, पुढच्या प्रार्थनेला उठायचं राहून गेलं.

आणि त्याच वर्षी शाळेत मला ताप आला होता तेव्हा तुम्ही माझ्या उशाशी बसून कपाळाला बाम चोळत होतात. दारातून अर्धा वर्ग डोकावत होता. तुम्ही त्यांना हाकललंही नाहीत. तुमची बोटं खरखरीत होती आणि फार बरं वाटलं होतं. मी विचारलं नाही, कोणासाठी. तो प्रश्न आणि हा बाम, तुमच्या दोन्ही गोष्टी माझ्यापर्यंत पोचल्या, एवढंच की मी त्यातली एकच सांभाळून ठेवली. ती निवड तुमची नव्हती, हेही लिहून ठेवते.

विद्यानगरात वहिनी आता एकट्या असतात. मी गेले की विचारतात, "वन्सं, शेवटी तुमच्या कानात काय म्हणाले हो ते? तुम्ही वाकला होता ना." मी म्हणते, "काही नाही, नेहमीची थट्टा." त्या म्हणतात, "मग नंतर दोनदा का विचारलं, तंगी गेली का म्हणून?" मी चहा चांगला झालाय म्हणते.

चोवीस डिसेंबरला संध्याकाळी सहा वाजता मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या पुन्हा विचारतील. खरं सांगितलं तर त्यांचं दुःख वाढेल; तरी सांगायचं ते त्यांच्यासाठी, की माझं ओझं कमी व्हावं म्हणून, हे मला ठरवता येत नाही. त्या वेळेआधी तुमचं लेखी उत्तर हवं. तोंडी चालणार नाही. हे पत्र मी कुठल्याही पेटीत टाकणार नाही, पण मुदत तीच राहील. उत्तर नाही आलं तर मला स्वतःच बोलावं लागेल, आणि त्याची मला भीती वाटते.